हातोडीतली सुई

मी एक जुनी सुई आहे, मित्रांनो. चांदा जिल्ह्यात वैनगंगेकाठी गुणवंतराव डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांच्या रबरी हातोडीच्या दांड्यात मी राहायची. गुडघ्यावर हातोडी पडली की पाय टुणकन उडायचा, लोक हसायचे आणि सगळं कौतुक तिच्याच वाट्याला जायचं. मला मात्र सगळे घाबरत. कातडीला जाण आहे की नाही, हे शोधणं माझं काम. कुणाची लघवी अडली की त्याच्या नसा डॉक्टर माझ्या टोकाने टोचूनच तपासत.

१९५४ सालच्या उन्हाळ्यात डोमा आला. मासे धरणारा उमदा गडी. चिंचेवरून पाठीवर आपटला होता आणि दोन दिवस त्याची लघवी तुंबली होती. डॉक्टरांनी नळी घालून ती मोकळी केली. गुडघे ठोकले, पाय छान उडाले. मग त्याला कुशीवर वळवून, डोळ्यांवर दुपट्टा टाकून त्यांनी मला बैठकीच्या जागी टेकवलं. उशाशी त्याची बायको मनकर्णा बसली होती.

"टोचतं का?"

"टोचते ना, डाक्टरसाहेब."

खोटं होतं ते. मी रुतले तरी कातडी जराही आकसली नव्हती. मी टेकले की मनकर्णा हळूच त्याचा खांदा दाबायची आणि तो हो म्हणायचा. डॉक्टरांची नजर माझ्यावर होती, तिच्या हाताकडे नव्हती. मला तर तोंडच नाही. नसा शाबूत आहेत, मुतखडा असेल, असं म्हणून त्यांनी औषध दिलं. खरं कळतं तर त्याच दिवशी त्याला ऑपरेशनसाठी नागपूरला धाडलं असतं.

दीड महिन्याने डोमा बैलगाडीत पडूनच आला. ताप फणफणलेला, तुंबलेल्या लघवीचं विष अंगभर भिनलेलं. डॉक्टरांनी पुन्हा टोचून विचारलं. मग मनकर्णाच बोलली.

"मीच खांदा दाबत होती. बधिर हाय म्हटलं तर महारोगी म्हनून गावाबाहेर काढतीन, असं वाटलं मले."

"हा महारोग नव्हता, बाई. पाठीत नस दबली होती."

"मंग आता करा ना इलाज."

डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली, पण अंगात भिनलेलं विष उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी डोमा गेला.

मित्रांनो, मी आता गंजले आहे. मला जपू नका, माझं काही अडलेलं नाही. पण कुणी आपलं अंग बधिर आहे म्हणाला, तर मागे सरू नका. तुम्ही मागे सरता, म्हणून माणसं खोटं बोलतात.