तोरणाखालचा जवाब

आमच्या यजमानांची वाचा गेली ती माघातल्या एका सकाळी, बैलांना पाणी दाखवून परतताना. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, आणि इतक्या वर्षांच्या बोलण्यातून एकच शब्द मागं उरला. तो शब्द होता 'बह्याडा'.

आमच्या भागात खुळ्या माणसाला बह्याड म्हणतात. यजमान तो शब्द फक्त बैलांना वापरत, तोही लाडानं. आता पाणी हवं असलं तरी बह्याडा, पाठ खाजवून हवी असली तरी बह्याडा. समाचाराला आलेल्या पाटलांनी "कसं काय, नानाजी?" म्हणून विचारलं, त्यांनाही तेच. मी देवाला नैवेद्य दाखवून हात जोडले, तर मागून खाटेवरून देवालासुद्धा तेच. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"माय वो! हा तं आता देवाले बी सोडत नाही."

पण यजमानांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणायचं असे एक आणि तोंडातून निघे दुसरं, आणि ते चुकलं हे त्यांचं त्यांनाच ऐकू येई. माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती असेल, मला ठाऊक नाही.

त्यातून ते बोलण्यासाठीच नावाजलेले. आमचं गाव केळापूरपासून दोन कोसांवर. पोळ्याच्या दिवशी गावचे सगळे बैल सजून तोरणापुढे उभे राहिले की माणसं यमक जुळवून एकमेकांना टोले हाणतात, त्याला झडती म्हणतात, आणि प्रत्येक झडतीच्या शेवटी सगळे 'हर हर महादेव' करतात. पाठ केलेली झडती कोणीही म्हणतो. आमच्या गावची रीत मात्र अशी, की शेवटी एकानं ताजी झडती सवाल म्हणून फेकायची आणि दुसऱ्यानं उभ्याउभ्या नवी जुळवून जवाब द्यायचा. जो टिकला त्याची जोडी तोरणाखालून आधी निघे. हा सामना वर्षानुवर्षं दोघांतच रंगायचा, आमचे यजमान आणि शेजारच्या तांड्याचा लालसिंग नायक. लालसिंगचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलुखभर फिरलेले. आता तांड्याची शेती आमच्या शिवाराला लागून. त्याच्या घरात बंजाऱ्यांची गोरबोली, पण झडती अशी फेकायचा की अस्सल वऱ्हाडी माणसानं तोंडात बोट घालावं.

माझे धाकटे दीर भीमराज यांना बाजारात कोणीतरी सांगितलं, की नागपूरच्या एका दवाखान्यात वाचा गेलेल्या माणसांना बोलतं करणाऱ्या डॉक्टरीण बाई आहेत. चैत्रात आम्ही एस.टी.नं तिथे गेलो. बाईंनी यजमानांपुढे पितळी लोटा धरला.

"नानाजी, हे काय आहे?"

यजमानांच्या मानेच्या शिरा ताठल्या. मी हळूच म्हटलं, "लोटा."

"तुम्ही चहा घेता का, नानाजी?"

"नाही, त्यायले चहा चालत नाही," मी सांगितलं.

"रात्री झोप लागते?"

"पहाटे जागे होतात."

बाईंनी लोटा खाली ठेवला आणि हसल्या. "ताई, यांचं निम्मं दुखणं डोक्यात आहे, अन् निम्मं तुमच्या जिभेवर."

मी इतकी ओशाळले, की पदर ओढून खाली बघत बसले. पण त्यांनी प्रेमानं समजावलं. वाचा जाते म्हणजे अक्कल जात नाही. शब्द आतच असतात, त्यांची वाट बुजलेली असते. प्रत्येक वेळी शब्द हातात आणून दिला तर माणूस वाट कशाला काढील? आधी तोंडपाठ असलेलं म्हणवून घ्यायचं, त्यांच्याबरोबर एका सुरात, डाव्या हातावर ठेका धरून. मग आपण अर्ध्यावर थांबायचं, पुढचं त्यांना म्हणू द्यायचं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे वाट बघायची. "ते शब्द शोधत असतील तेव्हा तुम्ही गप्प राहा. हेच औषध."

औषध साधं होतं, पण मला ते पाजता येईना. यजमानांनी नुसती मान वळवली की मी पाण्याचा तांब्या पुढे करी. ते ओठ हलवू लागले की माझ्या तोंडून शब्द निघून गेलेला असे. नवऱ्याला ताटकळत ठेवणं मला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. उन्हाळा असाच गेला. बोलण्यात काही फरक नाही, फक्त काठी धरून अंगणात चालू लागले एवढंच.

आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम धरायचा होता. देवघरातल्या देवीपुढे बसल्यावर मनात आलं, डॉक्टरीण बाईंचं सांगणं मी रोज दहादा मोडते, पण देवापुढे घेतलेला नेम आजवर मोडला नाही. दरवर्षी मी जेवताना मौन धरत असे. या वर्षी संकल्प केला, की यजमानांचं पान मांडल्यापासून ते आचवेपर्यंत माझं मौन, आणि तोंडानं मागितल्याशिवाय पानात काही वाढायचं नाही. देवीला साक्ष ठेवलं आणि उठले. आता जीभ माझी राहिली नव्हती.

पहिल्याच दिवशी यजमानांनी मिठाकडे बोट दाखवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बह्याडा!"

मी बघत राहिले. त्यांनी पाटावर मूठ आपटली. सासूबाई सोप्यावरून ओरडल्या, "अवो विमल, मीठ दे ना त्याले! जेवत्या मानसाले तरसवून राह्यली काहून?"

मला उत्तर देता येत नव्हतं. यजमान अळणी वरण जेवून उठले. त्या दिवशी मला अन्न गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी त्यांनी ताटच सरकवलं. सासूबाई शेजारच्या तानाबाईंना सांगू लागल्या, की सुनेचा नेम माझ्या पोराच्या जिवावर उठला. मी दोन्ही वेळा देवीला एकच विचारी, आई, मी हे बरोबर करते ना?

मग एका सकाळी, अंबाडीची भाजी होती, यजमानांनी बोट उचललंच नाही. डोळे मिटले. ओठ एकमेकांवर दाबले, सोडले, पुन्हा दाबले.

"म... म... बह्या..." आपणच मान हलवून ते खोडलं. "म... मी... मीठ."

माझ्या हातातला पळा खाली पडला. आणि तोंडातून ब्र काढायची सोय नाही! मी घाईनं मीठ वाढलं, ढीग पडला पानात. यजमानांनी त्या ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाकड्या तोंडानं हसले. सासूबाई तिथून उठून अंगणात धावल्या. "मीठ म्हनला वो! तानाबाई, माह्या पोरानं मीठ मांगलं!" अर्ध्या आळीला कळलं. मी मात्र ते आचवेपर्यंत गप्प बसून डोळे पुसत होते.

मिठामागून पाणी आलं, मग भाकर, मग 'पुरे'. पुरे हा शब्द त्यांना फार आवडला. दिवसभर कोणालाही म्हणत.

श्रावणात मी तोंडपाठ गोष्टींकडे वळले. आरती त्यांना कधीच येत नव्हती. येत होत्या त्या झडत्या. मग काय, मी गोठ्यातलं शेण काढत झडती सुरू करी, यजमान बाजेवर बसून डाव्या हातानं मांडीवर ठेका धरत आणि माझ्या सुरात सूर मिसळत. बायकामाणसानं झडती म्हणायची आमच्याकडे चाल नाही. तानाबाई कुंपणावरून म्हणाल्याच, "विमलताई, देवाची गानी सरली काय वो? झडत्या म्हनून राह्यल्या!"

"शेवटी महादेवाचंच नाव हाये ना त्याच्यात," मी म्हटलं.

आश्चर्य असं, की एरवी दोन शब्द सांधायला धापा टाकणारे यजमान जुनी झडती सुरात अख्खी म्हणून जात. मी अर्ध्यावर थांबले तरी पुढची ओळ बरोबर येई. पण नवं काही सांगायचं झालं की पुन्हा एकेक शब्द दगडासारखा उचलावा लागे.

पोळा जवळ आला तसे भीमराज भाऊजी येऊन बसले.

"भाऊ, यंदा तोरनाखाली मी बोलतो. तू नुसता कासरा धरून उभा राह्य."

यजमान म्हणाले, "नाही."

"आरे, जुनी झडती तू म्हनशीन, मले मालूम हाये. पन लालसिंगच्या सवालाले जवाब कोन देईन? वैनी, समजवा त्याले. घरी चार शब्द आले म्हनून काय झालं? तिथं गाव राह्यते. जीभ अडकली तं लोकं हसतीन. आन हसले नाही तं त्याहून वाईट."

"मी काय सांगू भाऊजी? त्यायलेच पुसा."

यजमानांनी डावी मूठ छातीवर ठेवली. "मी." भीमराज भाऊजींनी तोंड उघडलं, मी हातानं थांबवलं. "मी... बोलन. नाही तं... जोडी... नाही नेत."

म्हणजे तोंडानं जवाब देता येत नसेल तर बैल घेऊन तोरणाखाली जायचंच नाही, या वर्षी नाही, कधीच नाही. आयुष्यभर जिथे आपल्या बोलण्यानं उभे राहिले, तिथे दुसऱ्याच्या जिभेवर उभं राहायला ते तयार नव्हते. भाऊजी उठले. जाताना एवढंच म्हणाले, "मंग देवीलेच काळजी."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी यजमानांनी चांद्या आणि लाख्या या आमच्या बैलांच्या खांद्यांना डाव्या हातानं तूप-हळद चोळली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं. ते आवतण दरवर्षीचंच, शब्द न अडखळता निघाले. मी मनात म्हटलं, उद्या पाठ केलेलं कामी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर आम्ही बायका उभ्या होतो. समोर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याच्या अलीकडे शिंगं रंगवलेले, झुली पांघरलेले बैल. यजमान काठी बगलेत धरून, डाव्या हातात कासरा घेऊन उभे. त्यांनी जुनी झडती म्हटली. आवाज जरा घोगरा, पण एक शब्द गळला नाही. सगळ्यांनी 'हर हर महादेव' केलं, कोणी कोणी डोळेही पुसले. पाटील पुढे झाले.

"झालं, बेस झालं. यंदा सवाल-जवाब राहू द्या. लालसिंग, तू समजदार हायेस. नानाजीची जोडी मानानं पुढं जाऊ द्या."

लोकांनी माना हलवल्या. सगळे किती चांगले वागत होते! आणि मी बघितलं, त्या चांगुलपणानं यजमानांचा चेहरा राखेसारखा होत चालला होता. कासरा त्यांच्या हातातून सैल पडला.

लालसिंगनं ते पाहिलं. डोक्यावरचं पागोटं मागं सारून तो म्हणाला, "पाटील, दान घेतल्यावानी मान घेनारा मानूस हाये काय हा? नानाजी, फेकू काय?"

यजमानांनी मान वर केली. "फेक."

लालसिंगनं हात उंचावला आणि खणखणीत आवाजात फेकली.

"आभाय गडगडे, पाऊस ना पानी,
नानाजी आला, पन कोठी गेली वानी?"

गेलेल्या वाणीवरच सवाल! कोणी महादेवाचं नाव घेतलं नाही. तानाबाईंनी माझा दंड धरला. मागून एक म्हातारा पुटपुटला, "लाज नाही बंजाऱ्याले." भीमराज भाऊजी यजमानांच्या कानाशी वाकले, त्यांनी काहीतरी जुळवून आणलं होतं. यजमानांनी खांद्यानं त्यांना ढकललं.

ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले. माझ्याच मनात एक जवाब तयार झाला होता, चांगलं यमक असलेला, जिभेच्या टोकाशी येऊन बसला होता. तेव्हा माझं मौन नव्हतं, नेम फक्त पानापुरता होता. मी पदराचा बोळा दातांत धरला. गावानंही काय ओळखलं कोण जाणे, कोणी हूं की चूं केलं नाही. बैलांच्या घुंगरांचाच काय तो आवाज.

"वानी..." यजमान म्हणाले. त्यांचा डावा हात मांडीवर पडला, एकदा, दोनदा. "वानी... गेलती... चरायले."

लालसिंग तसाच उभा, हात वर, डोळे यजमानांच्या तोंडावर. शब्द पुरवला नाही, हसला नाही, मान हलवली नाही. यजमानांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. तो त्यांनी पुसलासुद्धा नाही.

"आली..." श्वास. "आली परत... तुले... धरायले!"

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग लालसिंगनं आपल्या कपाळावर हात मारून घेतला. "मेलो रे बाप्पा! धरला मले!" आणि आपल्या जोडीचा कासरा ओढून ती मागं घेतली. मग जे 'हर हर महादेव' उठलं, त्यानं झाडावरचे बगळे उडाले. सासूबाई पारावर बसल्या होत्या, त्या उठून टाळ्या पिटू लागल्या. भीमराज भाऊजी लहान मुलासारखे रडत होते. मी पदर तोंडातून काढला तर त्याला दातांनी भोक पडलं होतं.

चांद्या-लाख्या निघाले. गुलालानं माखलेली माणसं वाटेतच नाचत होती. यजमान ओरडले, "सरका! सरका बे, सरका!" हा शब्द आम्ही कधी म्हणवून घेतला नव्हता, कोणी त्यांच्याबरोबर म्हटला नव्हता. तो आपसूक आला होता, आणि माणसं खरंच सरकली.

जोडी बरोबर तोरणाखाली आली, तेवढ्यात मागून लालसिंगची हाक आली. "नानाजी, एक जिंकला म्हनून उडू नको! दुसरी आयक!"

यजमानांनी तिथल्या तिथे बैल थांबवले आणि वळून उभे राहिले.

"बोल."

"आरे, बैल चालू द्या! मांगं साऱ्या गावाच्या जोड्या अडल्या!" पाटील काठी आपटत ओरडत होते. पण त्या दोघांपैकी कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.