पाठराखीण म्हणून गेलेला कंदील

मी एक जुना कंदील आहे, मित्रांनो. माझ्या टाकीला दोन ठिकाणी डाग दिलेला आहे आणि काचही मूळची नाही. मी कोणाला रानातली वाट दाखवली नाही की कोणाचा अभ्यास घेतला नाही. माझे आयुष्य कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यात गेले.

मुंबईच्या एका कारखान्यात पत्रा कापून मला घडवले. आसेगावच्या गोजराबाईंनी मंगरूळपीरच्या बाजारातून मला आणले, ते मुलीच्या, चंदाच्या लग्नासाठी. लग्न झाले आणि चंदा कामरगावला सासरी निघाली. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एखादी बाई पाठराखीण म्हणून तिच्यासोबत जाते, चार दिवस राहते आणि परत येते. गोजराबाई विधवा. जवळचे कोणी नव्हते. चंदा एकटीच बैलगाडीत बसली. गाडी दिसेनाशी झाली तरी गोजराबाई मांडवाच्या खांबापाशी उभ्या होत्या. मग त्यांनी मांडवात टांगलेल्या मला खाली काढले, पुसले आणि खुंटीला लावले. त्या घरात बोलायला आता मीच उरलो होतो, आणि मला बोलता येत नव्हते.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात सरकारी विकास ब्लॉकचे जगदेवराव भोके पाडलेल्या खोक्यातून विलायती कोंबडीची तीस पिल्ले घेऊन आले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांनी बांबूच्या तट्ट्याचे गोल रिंगण केले, खाली तूस पसरले आणि आढ्याला दोरी बांधून मला मधोमध टांगले.

"पिल्लं सोताच सांगतीन, बाई," जगदेवराव म्हणाले. "कंदिलाखाली गोळा झाली त थंडी वाजून राह्यली. दूर पळाली त गरमी. दर हप्त्याले कंदील चार बोटं वर घ्या. पंख फुटले का विझवा. त्यायले सवय झाली, का मंगच बाहेरच्या खोलीत न्या."

माझ्याखाली तीस पिवळे गोळे झोपू लागले. गोजराबाई कण्या टाकता टाकता त्यांच्याशी बोलत. चूल पेटवताना बोलत, भाकरी थापताना बोलत. दोरी वर घ्यायचा दिवस आला की गाठीला हात लावत आणि म्हणत, "आज लय गारठा हाय. उद्या पाहू."

तो उद्या कधी आला नाही. मला कळत होते, पण वात मोठी ठेवणारा हात दुसऱ्याचा असला की कंदिलाने जळत राहायचे असते.

पाचव्या आठवड्यात पिल्ले चोची उघड्या टाकून तट्ट्याला चिकटून बसू लागली. पंख विरळ, अर्धवट. शेजारच्या प्रयागबाई विरजण मागायला आल्या आणि वाकून पाहू लागल्या.

"काहून व गोजराबाई, पिल्लं पोसून राह्यली का वांगे भाजून राह्यली? काढ त्यायले बाहेर. पोट्टी धाडली तवा त येवढा जीव अडकला नव्हता तुहा."

गोजराबाईंनी विरजण दिले. त्याच दुपारी सगळी पिल्ले डालग्यात भरली आणि गोठ्याला लागून असलेल्या बाहेरच्या खोलीत नेऊन सोडली. मला फुंकर घातली आणि रिंगणावर तसेच टांगून ठेवले. खाली तूस होते, पाणी होते, पिल्ले नव्हती.

दिवे लागायच्या वेळी खोलीतून कलकलाट ऐकू आला. गोजराबाईंनी मला पेटवले आणि धावल्या. पिल्लांनी एका कोपऱ्यात ढीग केला होता. एकमेकांच्या अंगावर चढून, जिथे ऊब नव्हती तिथे ती ऊब शोधत होती. माझा उजेड पडला तशी वरची पिल्ले वळली आणि माझ्याकडे पळत आली. ढीग सुटला. तळाची नऊ उठली नाहीत. गोजराबाईंनी ती एकेक करून पदरात घेतली.

प्रयागबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माह्या बोलण्यानं झालं व, बाई."

"तुह्या नाही. येवढे दिवस मी सोडलं नाही, अन् सोडलं त एकदम सोडलं. संगं कोणाले धाडलं नाही." गोजराबाईंनी पदरातली पिल्ले छातीशी धरली. "चंदीलेबी तसंच धाडलं होतं."

त्यांनी मला खोलीच्या आढ्याला टांगले. "हा राहीन आता चार दिवस यायच्यापाशी. पाठराखीण."

"कंदील कुठं पाठराखीण होते काय?"

"माह्या घरात दुसरं कोण हाय?"

प्रयागबाईंनी दाराला पोते लावले आणि कोपरे कडब्याने बुजवले. रोज सांजेला गोजराबाई मला थोडे वर घेत आणि वात थोडी खाली. पाचव्या सांजेला त्यांनी मला पेटवलेच नाही. पिल्लांनी माना वर करून पाहिले, थोडी कुरकुर केली आणि पंखाला पंख लावून ओळीने बसली. गोजराबाई बाहेर दाराला कान लावून होत्या. मला बरे वाटले, मित्रांनो. आणि माझ्याखालची जागा रिकामी आहे, हेही कळले. सकाळी मी घरी परतलो. पाठराखीण परत येते ती एकटीच.

त्यानंतर तीन हिवाळे नवी पिल्ले आली. दोरी दर वेळी वेळेवर वर गेली. दिवाळीला चंदा आली की गोजराबाई तिला पिल्लांचीच गोष्ट सांगत. स्वतःची कधी सांगितली नाही. चंदा खाली मान घालून ऐके.

मग गोजराबाई वारल्या. दूरच्या नातेवाइकांनी भांडी नेली. मी माळ्यावर पडून राहिलो, काचेवर काजळी, पोटात तेलाचा थेंब नाही. तेरावे झाल्यावर चंदा वर चढली. पदराने तिने माझी काच पुष्कळ वेळ पुसली, नंतर स्वच्छ झाली तरी पुसली. कामरगावपर्यंत मोटारीत मी तिच्या मांडीवर होतो.

"माय व, माहेराहून येवढंच आणलं?" शेजारणीने विचारले.

"पाठराखीण आणली," चंदा म्हणाली. "तिले यायले उशीर झाला."

पाठराखणीचे चार दिवस केव्हाच सरले. मला परत न्यायला आसेगावात आता कोणी नाही, म्हणून मी इथेच चुलीजवळ टांगलेला आहे. मित्रांनो, जुन्या कंदिलाची काच पुसत जा. आणि कोणाला उबेतून गारठ्यात पाठवायची वेळ आली, तर दोरी रोज थोडी थोडी वर घ्या, आणि सोबत कोणीतरी जाऊ द्या.