कुंडाच्या माहात्म्याचा उरलेला भाग

गाइडच्या तोंडी गावचं देऊळ दर हंगामात शे-दोनशे वर्षांनी म्हातारं व्हायचं. भाविक आधीच्या गावात हजार वर्षांचं देऊळ पाहून आलेले असले, की आपलं आठशे वर्षांचं आहे असं सांगायला त्याची जीभ रेटत नसे. पाहुण्यांचा मान राखायला नको का?

देवळामागच्या कुंडाने मात्र त्याला बराच काळ दाद दिली नव्हती. कुणा सरदाराने ते घोड्यांना पाणी पाजायला खोदलेलं. तसं शेजारच्या दगडावर कोरलेलंही होतं, आणि सुरुवातीला हा बापडा तेच सांगायचा. पण घोड्यांचं नाव निघालं की लोक जांभया देत चपला शोधायला लागायचे. शेवटी एका दुपारी त्याने घोडे हाकलून लावले आणि तिथे एक आंधळा ऋषी आणून बसवला. ऋषीने कुंडाच्या पाण्याने डोळे धुतले आणि समोर साक्षात देव! लोकांनी तिथल्या तिथे हात जोडले. पुढे देवस्थान समितीने ऋषीची पाटीही लावली. घोड्यांचा दगड पाटीला टेकू म्हणून कामी आला.

सगळं छान चाललं होतं, आणि गाइडच्या आईला मोतीबिंदू झाला.

आता थांबलात तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईने ऑपरेशनला साफ नकार दिला. कुंड असताना डॉक्टर कशाला? रोज सकाळी भिंत चाचपत ती कुंडावर जायची आणि त्या हिरव्यागार पाण्याचे हबके डोळ्यांवर मारायची. डोळे लाल झाले. एकदा पायरी चुकली आणि गुडघा फुटला. तेव्हा गाइडने तिला घोड्यांची हकिगत सांगून पाहिली. कित्येक वर्षांनी बिचारा खरा इतिहास सांगत होता, तर आईने पाटीचा दाखला दिला. समिती काय खोटं लिहील? मग तो समितीकडे गेला. पाटी उतरवा म्हणाला. समितीने तिला नवा रंग द्यायचं ठरवलं.

दुसऱ्या सकाळी तो कुंडाच्या पायरीवर आईशेजारी जाऊन बसला.

"आई, पाटीवर अर्धीच गोष्ट आहे. ऋषीला लगेच काही दिसलं नव्हतं. देव म्हणाला, डोळे धुतलेस ते बरं केलंस, आता वैद्याकडे जा."

आईने पदराने तोंड पुसलं. "एकट्याला पाठवलं?"

"छे. देव हात धरून घेऊन गेला."

"मग ठीक आहे," आई म्हणाली.

डोळ्यांची लाली उतरल्यावर ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा आईला आधी मुलाचे पिकलेले केस दिसले आणि तिला वाईट वाटलं. दवाखान्याबाहेर आल्यावर गाइडने सवयीप्रमाणे कुंडाच्या कृपेची गोष्ट सुरू केली.

"पुरे," आई म्हणाली. "तो घोड्यांचा दगड तुझ्या वडिलांनी मला लग्न झाल्या झाल्याच दाखवला होता."

"मग रोज ते पाणी कशाला मारत होतीस?"

"डोळ्याला सुरी लावणार म्हणून भीती वाटत होती. या वयात सांगायची लाज वाटली. जगासाठी रोज एक गोष्ट रचतोस. माझ्यासाठी ही पहिलीच."

गाइडला रडू आलं. आईला आता ते दिसत होतं, म्हणून त्याने मान वळवली आणि तिचा हात धरून रस्ता ओलांडला.