दुसऱ्या नंबरचा फोटो

लोरेटाने डुकराच्या मांडीचं तिसरं हॅम फ्रीझरमध्ये कोंबलं आणि दार कमरेने लोटून लावलं. कुणाच्या घरी माणूस गेलं की हॅम आणून देण्यापलीकडे या भागातल्या शेजाऱ्यांना दुसरं काही सुचतच नाही. ओट्यावर अजून एक हॅम होतंच, शिवाय फॉइलने झाकलेले मॅकरोनीचे ट्रे.

"ते राहू दे बाहेर," टेबलाशी बसलेला वेन्डेल कॉब म्हणाला. "असंच चाललं तर तालुक्यात डुक्कर उरायचं नाही."

ती हसली. तो हसला नाही. शनिवारी स्केटिंगच्या हॉलमध्ये एक पोरगा रायफल घेऊन शिरला होता, आणि वेन्डेलचा नऊ वर्षांचा ग्रेडी तिथे मित्राच्या वाढदिवसाला गेला होता. वेन्डेलची बायको वरच्या खोलीत औषध घेऊन निजली होती.

लोरेटाला हे गाव नवीन होतं, असं स्वयंपाकघर नवीन नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिची टेसा शाळेतून परत आली नाही, तेव्हापासून जिथे कुठे असं घडेल तिथे संघटना तिला पाठवायची. तिच्यासारख्याच आईबापांची संघटना, बंदुकीचे कायदे कडक व्हावेत म्हणून भांडणारी. लोरेटा जायची, आधी फ्रिज आवरायची, शेजाऱ्यांच्या भांड्यांवर चिकटपट्टी लावून ज्याचं त्याचं नाव लिहायची, आणि मग मुद्द्यावर यायची. मुद्दा आज फोटोचा होता.

खिशातला फोन थरथरला. संघटनेची मार्गो होती.

"मिळाला का?"

"अजून विचारलं नाहीये."

"अगं, निवेदन उद्या सकाळी काढायचंय. नुसतं पत्रक कोण वाचतं? चेहरा लागतो. आठवडा सरायच्या आत कॅमेरेवाले गाशा गुंडाळतील, मग बसू आपण बोंबलत. तुला मी काय सांगायचं!"

मार्गो काही दुष्ट बाई नव्हती. तिचाही भाऊ असाच गेला होता, आणि ती म्हणत होती त्यात खोटं काहीच नव्हतं. लोरेटाने फोन खिशात टाकला.

"फोटो हवाय ना?" वेन्डेलने विचारलं. "मी तुमच्या बाजूचा नाही, बाई. आधीच सांगून ठेवतो. त्या कपाटात माझ्या बंदुका आहेत. ग्रेडीला मी हरणाच्या शिकारीला न्यायचो."

"मी भांडी आवरायला आले. कपाट बघायला नाही."

"बंदूकवाल्यांच्या संघटनेचाही फोन आला होता. ते म्हणाले, ही बोलायची वेळ नव्हे, आम्ही प्रार्थना करतोय. तुम्ही म्हणणार, हीच वेळ आहे. माझी वेळ कोणती, ते कुणी विचारत नाही." त्याने टेबलाचा खण ओढला. "पण त्या रायफलवाल्याचं थोबाड सकाळपासून टीव्हीवर आहे. मग माझ्या पोराचं का नको?"

त्याने दोन फोटो टेबलावर ठेवले. एक शाळेतला: केस पाणी लावून चापलेले, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत, ओठांवर सांगून आणलेलं हसू. दुसऱ्यात ग्रेडी हातगाडीत पाय पसरून बसला होता, ओठ बर्फाच्या कांडीने निळे झालेले, आणि फोटो काढणाऱ्याला काहीतरी ठणकावून सांगत होता.

"हा घ्या," वेन्डेलने हातगाडीवाला पुढे सरकवला. "हा खरा ग्रेडी."

लोरेटाने तो उचलला. दहा भाषणांनी होणार नाही ते हा फोटो एका नजरेत करणार होता. राजधानीत संघटनेची निदर्शनं होतात त्या रुंद पायऱ्यांवर, टेसाच्या फोटोच्या फलकाशेजारी तो कसा दिसेल, तेही तिला डोळ्यांपुढे दिसलं. तिने नुसतं 'बरं' म्हणून पर्समध्ये टाकायचा होता. तिने तो परत टेबलावर ठेवला.

"हा नको."

"का? वाईट आहे?"

"तुम्हाला सगळ्यात आवडतो ना? म्हणून नको." ती समोरची खुर्ची ओढून बसली. "मी टेसाचा असाच दिला होता. माझ्या पलंगाशेजारचा. मग तो फलकांवर गेला, शर्टांवर गेला. एकाने त्यावर शिव्या लिहून मलाच पाठवला. दिलेला फोटो परत मिळत नाही, वेन्डेल. आता तो बघितला की मला निवेदनच आठवतं. टेसा दिसत नाही. द्यायचाच असेल तर शाळेतला द्या. नाहीतर देऊच नका."

"चालेल तुमच्या लोकांना?"

"चालवून घेतील."

त्याने हातगाडीवाला खणात ठेवला आणि खण हलकेच बंद केला. मग शाळेतला तिच्या हातात दिला.

"हा त्याला आवडायचा नाही. कॉलर टोचत होती म्हणे."

लोरेटा उठली, पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेली. तो मागोमाग आला.

"तुमच्या मुलीचा तो फोटो मी पाहिलाय," तो म्हणाला. "पायरीवर बसलेली, मान मागे टाकून हसणारी. खरं सांगू? मी चॅनेल बदललं होतं."

"सगळेच बदलतात."

"पण तेव्हाच मनात आलं होतं... ती एवढी हसतेय कशाला?"

लोरेटाने तोंड उघडलं. पत्रकारांना द्यायची उत्तरं तिला पाठ होती: वय किती, वर्ग कोणता, कायद्यात काय बदलायला हवं. हे मात्र अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिने दाराच्या मुठीवरचा हात काढला.

"मला," ती म्हणाली. "ती मला हसत होती. मी तिला सांगत होते, हलू नकोस, नीट बस, आणि कॅमेरा घेऊन मागे मागे सरकत होते. मागे तिचाच पाण्याचा टब. फोटो निघाला आणि मी कपड्यांसकट धपकन आत बसले."

वेन्डेलच्या घशातून एक आवाज निघाला. शनिवारपासून तो पहिल्यांदाच हसत होता, आणि हसताहसताच त्याने डोळे पुसले. खिशातला फोन वाजत होता. लोरेटाने तो वाजू दिला.

"मग? उठलात कशा?"

"उठते कुठली! ती धावत आली हात द्यायला." लोरेटाला तो हात आठवला, चिकट, इवलासा, आणि तो पुन्हा धरावासा वाटला. "मी तिलाच आत ओढलं."