बारा गडी, एक रेडा आणि झोसिमोचं छप्पर

बुरावान गावात झोसिमो तापेलला दोन वर्षं कुणी झोसिमो म्हणत नव्हतं. सगळे त्याला पतंग म्हणायचे.

झोसिमोचं वय छप्पन्न. त्यातली तीस वर्षं त्याची लोकांच्या डोक्यावर पत्रे ठोकण्यात गेली होती. फिलिपीन्समधल्या कातांदुआनेस बेटावर छप्परवाल्याला कामाची ददात नसते. समुद्रावरून निघालेलं वादळ पहिला पाय ठेवतं ते इथेच, आणि पाय ठेवताना चार घरं उघडी करूनच पुढे जातं. झोसिमोचा हात साफ होता, जिभेचं वळण सरळ होतं, आणि गावात त्याला मान होता.

मग ते नोव्हेंबरचं वादळ आलं. सगळा गाव शाळेत आसऱ्याला बसलेला. शाळेचं छप्पर झोसिमोनेच आदल्या उन्हाळ्यात घातलेलं, त्यामुळे लोक निर्धास्त होते. तिसऱ्या तासाला एका कोपऱ्याने शीळ घातली, आणि बघता बघता एका हिसक्यात अठ्ठावीस पत्रे आभाळात गेले. मेलं कुणी नाही. पण सव्वाशे माणसं शाळेचे बाक डोक्यावर धरून पाच तास पावसात उभी राहिली. त्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांची लोला, म्हणजे आजी, पास्किता होती. बाकाचं एक टोक तिने धरलेलं आणि दुसरं तिच्या मुलाने, बर्नाबेने.

बर्नाबे आबाकाच्या, म्हणजे रानकेळीच्या, रानात खोडं सोलून दोराचे धागे काढायचा. खांदे रेड्यासारखे आणि आवाज त्याहून मोठा. झोसिमो रस्त्याने दिसला की तो लांबूनच ओरडायचा, "अरे, पतंग आला, कुणीतरी दोरी धरा!" गाव हसायचं. नाव चिकटलं ते चिकटलंच. ज्यांची छपरं गेली होती त्यांनी शहरातून माणसं बोलावली. झोसिमोच्या वाट्याला डुकरांचे गोठे आले.

दुसरा कुणी असता तर त्याने वाऱ्याला शिव्या घातल्या असत्या. झोसिमोने एक वेगळंच काम काढलं. तो आपले उडालेले पत्रे शोधत हिंडू लागला. भाताच्या चिखलात, ओढ्यात, डोंगराच्या कपारीत. एक पत्रा माडाच्या शेंड्यात गुंडाळलेला मिळाला. एक तर शेजारच्या वस्तीत कोंबड्यांच्या खुराड्यावर चढलाही होता. त्याच्या मोबदल्यात त्याला नवा पत्रा द्यावा लागला. अठ्ठावीसातले एकोणीस पत्रे त्याने खांद्यावर वाहून अंगणात आणले आणि ओळीने मांडले.

त्याची बायको नीव्हेस दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "लोकांचे नवरे घरी मासे आणतात. माझा स्वतःची चूक वेचून आणतोय."

"चूकच वेचतोय," झोसिमो म्हणाला. "पण ती नेमकी कुठली, ते अजून कळत नाहीये."

कळायला तीन आठवडे लागले. त्याला वाटत होतं, पत्रे खिळ्यांपाशी फाटले असतील. पण तसं नव्हतं. खिळे जागच्या जागी घट्ट होते, आणि बहुतेक पत्र्यांना खालची लाकडी रीप अजून चिकटलेली होती. म्हणजे पत्र्याने रीप सोडली नव्हती, रिपेने वासा सोडला होता. मग तो शाळेत गेला, भिंतीवर चढला, उरलेले वासे हलवून पाहिले. ते तर भिंतीवर नुसते टेकलेले. बाजेवर माणूस आडवा पडावा तसे. तीस वर्षं तो वरून ठोकत आला होता. वारा खालून उचलतो, हे त्याच्या हातांना कधी सुचलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. आपण बांधलेली शेकडो घरं एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

पुढे वर्षभर त्याने जे करून पाहिलं ते डुकरांच्या गोठ्यांवर. गोठ्याला दोनाऐवजी चार पाखी. जाड पत्र्याच्या पट्ट्या कापून त्याने रीप वाशाला, वासा खांबांवरच्या आडव्या पाटाला आणि पाट खांबाला बांधला. वळचण वीतभर आखूड केली, आणि कडांना व कोपऱ्यांना दुप्पट स्क्रू मारले. लोक म्हणायचे, बुरावानची डुकरं आता माणसांपेक्षा बऱ्या घरात राहतात.

दोन वर्षं शाळा ताडपत्रीखाली भरली. शेवटी सरकारी पत्रे आले आणि गावच्या कापितानाने, म्हणजे सरपंच सालव्हासिओन बागादिओंगने, बास्केटबॉलच्या मैदानावर सभा बोलावली. बाई बुटकी, शांत, आणि उगीच बोलणाऱ्याला गप्प बसवण्यात पटाईत. काम कुणाला द्यायचं, एवढाच प्रश्न होता. बर्नाबेने उठून सांगितलं की शहरातून कुणालाही आणा, भीक मागून आणा, पण पतंगाला शिडीला हात लावू देऊ नका. बऱ्याच माना डोलल्या.

झोसिमो मागे बसला होता. तो उठला. हातातली टोपी त्याने एकदा या हातातून त्या हातात घेतली.

"छप्पर माझंच उडालं," तो म्हणाला. "चूक माझी होती, वाऱ्याची नव्हे. मी पत्रा रिपेला घट्ट धरला, आणि रीप वाशावर, वासा भिंतीवर सुटा ठेवला. म्हणजे टोपी हनुवटीला बांधली, पण डोकंच धडावर नुसतं ठेवलेलं."

छपरं उडालेली सगळ्यांनी पाहिली होती, पण चूक माझी असं म्हणणारा कारागीर कुणी पाहिला नव्हता.

बर्नाबेच आधी सावरला. "आणि आता सुधारलास, हे आम्ही तुझ्या शब्दावर मानायचं काय, मानोय?" थोरल्या भावाला म्हणायचा हा शब्द त्याने टोमण्यासारखा फेकला.

"शब्दावर नको. ओढून बघ."

मग त्याने सांगितलं ते असं. मैदानाच्या कडेला तो छपराचा एक कोपरा बांधील, चार खांबांवर, खऱ्या मापाचा. पत्र्यांखालून एक लांब फळी आडवी घालायची, तिच्या दोन्ही टोकांना दोर बांधायचा आणि बदामाच्या झाडावर कप्पी टांगून तो वर ओढायचा. वारा खालून रेटतो तसं. बर्नाबेने हवे तेवढे गडी आणावेत. एक पत्रा जरी सुटला तरी झोसिमो हातोडा खाली ठेवील, पुन्हा उचलणार नाही.

नीव्हेसने घरी जाताना त्याला एवढंच विचारलं की हातोडा ठेवून मग तो करणार काय, कारण ती विकायची त्या मासळीच्या टोपलीला त्याचा हात लागलेला तिला चालणार नव्हता.

त्याने एक नव्हे, दोन कोपरे बांधले. एक आपल्या जुन्या पद्धतीने, दुसरा नव्या. रविवारी प्रार्थना संपताच सगळा गाव मैदानावर लोटला. बर्नाबे बारा गडी घेऊन आला, सगळे आबाका सोलणारे, आणि त्यांच्या मागून त्याचा रेडा.

जुना कोपरा आधी. चार गड्यांनी दोर धरला, बर्नाबेने हाक दिली, आणि दुसऱ्याच ओढीला रिपा, पत्रे, सगळं एका तुकड्यात वर गेलं. लोक खदाखदा हसले. झोसिमो हसला नाही. ते छप्पर कसं सुटतं हे तो पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होता.

मग नवा. चार गडी ओढून थकले. आठ झाले, बारा झाले. दोर ताणून तारेसारखा वाजू लागला, पत्रे कुरकुरले, पण एकही कड उचलली नाही. गड्यांचे पाय सिमेंटवर घसरायला लागले. हसणं बंद झालं होतं. बर्नाबे लालबुंद होऊन रेड्याकडे वळला. दोराचं टोक त्याच्या जोखडाला बांधलं, बारा जण रेड्यामागे लागले आणि स्वतः बर्नाबे पुढे.

रेडा मान खाली घालून चालू लागला. लाकूड कण्हलं. आणि मग जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. खांबांच्या बुडाची माती फुगली, फुटली, आणि अख्खा कोपरा, छप्पर, वासे, चारही खांब, जसाच्या तसा जमिनीतून निघून हवेत लोंबकळू लागला. एखादं टेबल पाय सोडून टांगावं तसा.

"उडालं!" बर्नाबे गरजला.

कापिताना पुढे आली. लोंबणाऱ्या छपराखाली उभी राहून तिने मान वर केली आणि सावकाश एकेक पत्रा पाहिला. स्क्रूसुद्धा सुटला नव्हता.

"उडालं नाही, बर्नाबे," ती म्हणाली. "उपटलं. फरक आहे."

सगळ्यांच्या नजरा झोसिमोवर गेल्या. त्याला वाटलं असतं तर तिथेच छाती फुगवता आली असती. पण तो गुडघ्यावर बसून खांबांचे खड्डे बघत होता. त्याने हात आत घालून पाहिला आणि म्हणाला, "खांब उथळ गाडलेत. खाली आडवं लाकूड हवं. हे मला रेड्याने शिकवलं."

काम त्याला मिळालं.

त्या उन्हाळ्यात शाळेवर चौपाखी छप्पर चढलं. खांबांच्या मुळापासून आढ्यापर्यंत प्रत्येक लाकूड खालच्या लाकडाला पट्टीने बांधलेलं. झोसिमोने एकेका जोडाला स्वतः लोंबकळून पाहिलं. पाठोपाठ दहा घरांची कामं आली. बर्नाबेने मात्र आपल्या घराला हात लावू दिला नाही. उपटलेलं छप्पर हे त्याच्या लेखी पडलेलंच छप्पर होतं.

ऑक्टोबरच्या अखेरीला पुन्हा वादळाची वर्दी आली. सकाळी नऊला माणसं शाळेत जमली. दहापर्यंत दिवस झाकोळला आणि समुद्राचा आवाज भिंतीत शिरला. झोसिमो बाकावर उभा होता. हात वर करून त्याने पाटावरची एक पट्टी धरली होती. गळाला मासा लागल्यावर दोर थरथरतो तशी ती थरथरत होती. थरथरते आहे तोवर धरून आहे, असं तो मनाशी म्हणत होता. सव्वाशे माणसं त्याच्याकडे वळून बघत नव्हती, छताकडे बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

बारा वाजता काही जणांनी सवयीने बाक उचलायला सुरुवात केली. लोला पास्किता भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर नारळाच्या रसात शिजवलेली अळूची पानं आणि भाताचा डबा. ती म्हणाली, "खाली ठेवा रे ते. मी यावेळी जेवायला आलेय."

मग वारा फिरला. बेटावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे की येणाऱ्या वाऱ्यापेक्षा परतीचा वाईट. मागच्या दाराचा अडसर काडीसारखा मोडला, दार आत आदळलं आणि वारा खोलीत घुसला. झोसिमोच्या हातातली पट्टी थरथरायची थांबली. ती ताठ झाली. वर सगळं छप्पर एकदम श्वास घेऊन फुगल्यासारखं झालं.

"दार!" तो ओरडला. "बर्नाबे, दार लावा! वारा आतून उचलेल!"

बर्नाबेने एक क्षणही घेतला नाही. रेड्यामागे दोर ओढणारे तेच गडी खांदा लावून धावले. दार अर्धं लागायचं आणि त्यांना मागे फेकायचं. तिसऱ्या वेळी बर्नाबेने पाठ दाराला लावली, टाचा जमिनीत रोवल्या आणि सगळे त्याच्यावर रेलले. दार बसलं. त्यामागे बाक रचले, बाकांवर माणसं बसली. झोसिमोच्या बोटांखाली पट्टी पुन्हा थरथरू लागली.

"धरतंय का, मानोय?" दारापाशी धापा टाकत बर्नाबेने विचारलं.

"धरतंय."

"मग आम्हीही धरतो."

चारच्या सुमारास वारा दमला. दार उघडलं तेव्हा बाहेर पिवळट उजेड होता. तीस घरांच्या गावात अठरा घरं उघडी पडली होती. माड वाकले होते, चर्चची घंटा चिखलात पडली होती. पण शाळेचं छप्पर होतं, आणि झोसिमोने बांधलेली दहाच्या दहा घरं डोकं झाकून उभी होती. फक्त एकाचं आढ्यावरचं टोपण वाकलं होतं. सगळी माणसं मागे सरत सरत मैदानाच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथून वर बघत उभी राहिली. मग लोला पास्किताने टाळी वाजवली. एकच, कोरडी. तिच्यामागून सगळं मैदान टाळ्यांनी भरून गेलं.

झोसिमोला कुठे बघावं ते कळेना. नीव्हेस त्याच्याजवळ आली आणि त्याचा तो हात हातात घेतला. दिवसभर वर धरून तो आखडला होता, खाली येत नव्हता. ती तो चोळत राहिली.

बर्नाबेच्या घराची चूल तेवढी जागेवर होती. तो झोसिमोसमोर आला, पायाने माती उकरत उभा राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "माझ्याकडे कधी येतोस, मानोय झोसिमो?"

"आधी खड्डे खण. कमरेइतके. लाकूड मी सांगतो."

"रेडा आणू?"

"आण. चुकलो तर तो सांगेल."

पुढच्या सहा आठवड्यांत बुरावानमध्ये सकाळपासून हातोड्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. आबाका सोलणारे बारा गडी झोसिमोच्या हाताखाली पट्ट्या वाकवायला शिकले. सगळ्यांत चांगली वाकवायचा तो बर्नाबे. त्याच्या मनगटात जोर होता आणि आता घाईही नव्हती. कुणी एक पट्टी विसरला तर झोसिमोच्या आधी बर्नाबेच ओरडायचा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खाडीपलीकडच्या लुपिगान बेटावरून एक होडी आली. त्या बेटावर चाळीस घरं होती आणि एकही छप्पर उरलं नव्हतं. त्यांचा म्हातारा कापितान गुडघाभर पाण्यातून चालत किनाऱ्यावर आला आणि त्याने विचारलं, छप्पर बांधणारा झोसिमो कुठे राहतो. दहा जणांनी दहा बाजूंनी बोटं दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी भरली. शिडी, करवती, पट्ट्यांचे गठ्ठे, नीव्हेसने बांधून दिलेले सुके मासे आणि तांदूळ, बारा गडी, बर्नाबे आणि पुढच्या टोकाला शिडीला धरून झोसिमो. अख्खा गाव वाळूत उभा होता. कापितानाने हात हलवला. समुद्र त्या दिवशी इतका निवांत होता की वल्ह्यांचे थेंब पडलेले ऐकू येत होते. खाडीच्या मध्यावर पोचल्यावर झोसिमोने पलीकडच्या उघड्या भिंतींकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि बर्नाबेला म्हणाला, "उजवीकडच्या कोपऱ्यापासून सुरू करू. तिथे वारा आधी लागतो."