काजळीचं कडं

मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे, मित्रांनो. बाकी काही सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्यासारखा कुणी कुठे पडलेला दिसला, तर हात लावायचा नाही. मागे फिरायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. झालं. आता ऐका.

तुटकी छत्री, शाळेची घंटा, बंद पडलेलं घड्याळ यांच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. त्यांनी आयुष्यभर कुणाचं तरी भलं केलेलं असतं. मला तसं म्हणता येत नाही. माझ्या खोक्यावर 'स्वसंरक्षणासाठी' असं ठळक छापलं होतं, पण लोखंडाला वाचता येत नाही. समोर चोर उभा आहे की शेजारीण, हेही त्याला कळत नाही.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात मी घडलो. पोलाद तापवलं, ठोकलं, कोरलं आणि निळसर झळाळी येईपर्यंत घासलं. तिथल्या एका बाईने मला तळहातावर तोललं आणि म्हणाली, "देखणा आहे मेला." माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. मग मी नॉर्थ डाकोटातल्या एका दुकानात पोचलो. खिळ्यांची पुडकी आणि वासरांना दूध पाजायच्या बाटल्या यांच्यामध्ये काचेच्या कपाटात बसून राहिलो. तिथून ऑरव्हिल टॉलेफसनने मला घरी नेलं.

ऑरव्हिल सूर्यफुलं पिकवायचा. कामातून मोकळा झाला की कुंपणाच्या खांबांवर रिकामे डबे मांडून नेम धरायचा आणि बायकोला हाक मारायचा, "आर्डिस, बघ!" आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. "डबाच पाडलास ना? मला वाटलं कोल्हा मारलास." दोघं हसायची. ते माझे चांगले दिवस.

माझ्या पोटात एक फिरतं चाक आहे आणि त्या चाकात सहा घरं. या घरांत दोन जातींची काडतुसं चालतात. एक अडतीसचं. ते आखूड, सौम्य आणि स्वस्त. दुसरं तीनशे सत्तावन्नचं. आकड्यांवर जाऊ नका, जाडीला तेवढंच, पण लांब, आणि आत बारूद अशी ठासलेली की सुटताना खांद्यापर्यंत कळ जाते. ऑरव्हिल डब्यांवर कायम आखूड झाडायचा. लांबांचा लाल खोका 'वेळ आलीच तर' म्हणून बाजूला ठेवलेला.

आखूड काडतूस घराच्या टोकापर्यंत पोचत नाही. ते जिथे संपतं, तिथे प्रत्येक बार उडताना थोडी काजळी बसते. वर्षानुवर्षं बसत गेली की तिचं टणक कडं होतं. ऑरव्हिल माझी नळी कापडाने पुसायचा, एक डोळा मिटून उजेडात आरपार बघायचा आणि खूश व्हायचा. घरांत त्याने कधी ब्रश घातला नाही. नळीतून सगळेच बघतात. घरांत कोण बघतं?

मग पानगळीच्या दिवसांत, सूर्यफुलांची कापणी चालू असताना, ऑरव्हिल यंत्रावर बसल्या जागीच गेला.

त्या मुलखात घरातलं माणूस गेलं की शेजारणी भांडी घेऊन येतात. तळाला खिमा, त्यावर दाट पांढरा रस्सा, आणि सगळ्यात वर बटाट्याच्या गोळ्या रचून भाजलेलं जेवण. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव, म्हणजे भांडं परत कुणाकडे जायचं ते कळावं. आर्डिसचा फ्रीज भरला, मग रिकामा झाला. तिने सगळी भांडी धुऊन ओट्यावर रांगेत मांडली. पण ती परत करायला जायचं म्हणजे कुणीतरी दारात "कशी आहेस?" विचारणार. ती गेली नाही. आणि न्यायला कुणी आलं नाही, कारण दुःखात असलेल्या बाईकडे भांडं कोण मागणार? किती हा सभ्यपणा! दोन्हीकडून सभ्यपणा, आणि मध्ये एक बाई हिवाळाभर भिंतींशी बोलते आहे. मला त्या सभ्यपणाचा संताप येतो, मित्रांनो. आजही येतो.

मी तिच्या पलंगाशेजारच्या खणात होतो. रेडिओवर हवामान सांगणाऱ्या माणसाला ती उत्तरं द्यायची. तो म्हणायचा, वारा वाढेल. ती म्हणायची, "वाढू दे बाबा, मला कुठे जायचंय?" ती एकटी, मी एकटा, मध्ये लाकडाची एक फळी.

त्यातच दूरच्या एका शेतावर चोरी झाली. अवजारं गेली, तांब्याची तार गेली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, पण बातमी आमच्यापर्यंत पोचेतो चोरांच्या हातात कुऱ्हाडी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आर्डिसचा दीर मर्ल हजर झाला, अंत्यविधीनंतर प्रथमच. पलीकडच्या शेतावरची लव्हॉनही आली. ती गावातल्या बायकांना नेमबाजी शिकवायची. मला टेबलाच्या मधोमध ठेवलं, आणि जुंपली.

"वहिनी, डोकं लाव," मर्ल म्हणाला. "धटिंगण अंगावर आला तर त्याला थांबवायचंय की गुदगुल्या करायच्यात? लांब काडतूस भर. एक लागली की विषय संपला."

"आणि लागलीच नाही तर?" लव्हॉन म्हणाली. "तिच्या मनगटात संधिवात आहे, मर्ल. पहिल्याच बाराला नळी छताकडे जाईल. हलकी भर गं आर्डिस. जी नेमावर बसते ती कामाची."

"तू तुझ्या बायकांच्या मंडळाला शिकव."

"आणि तू आधी डबा पाडून दाखव. मागच्या शर्यतीत तुझी गोळी शोधायला अख्खं गाव गवतात वाकलं होतं."

"भावजी, अजून थोडा केक घ्या ना," आर्डिस मध्येच म्हणाली. तिला म्हणायचं होतं, थोडा वेळ बसा. कुणाला ऐकू गेलं नाही. गोळी किती खोल शिरते, माणूस किती पावलांत पडतो, यावर कॉफी गार होईपर्यंत वाद चालला. झोप लागते का, जेवतेस का, हे एकानेही विचारलं नाही. लव्हॉनची नजर ओट्यावरच्या आपल्या निळ्या भांड्यावर गेली, पण तीही सभ्य. तशीच निघून गेली.

मर्लने आर्डिसला कोठारामागे नेलं. लांब काडतूस माझ्या घरात पुरतं जाईना. त्याने तळहाताने ठोकून बसवलं. "थंडीने आखडलाय," म्हणाला. आर्डिसने कानांवर लावायला झाकणं मागितली.

"चोराला सांगणार आहेस का, थांब बाबा, कान झाकते?"

तिने चाप ओढला. बर्फावरून कावळे उडाले. तिचं मनगट सुजलं आणि उजव्या कानात एक शिट्टी सुरू झाली. ती शिट्टी अजून थांबलेली नाही.

मग लव्हॉनने तिला नेमबाजीच्या मैदानावर नेलं. कान नीट झाकले, आखूड काडतुसं दिली. ती माझ्या घरांत अलगद बसली. डबा पडला, दुसरा पडला, आणि कित्येक महिन्यांनी आर्डिस हसली. माझ्या घरांतली काजळी तेवढीच आणखी वाढली.

पण निर्णय होईना. दीर दुखावेल, मैत्रीण दुखावेल. शेवटी आर्डिसने मला रिकामाच खणात ठेवला. एका बाजूला लांबांचा लाल खोका, दुसऱ्या बाजूला आखुडांचा निळा.

आणि तो दिवस आला. भर दुपार होती, पण वाऱ्याने बर्फ असं उडवलं होतं की खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. आर्डिस डाव्या कुशीवर पडली होती. डावा कान उशीत, उजव्यात शिट्टी. त्या मुलखात पुढचं दार पाद्री आणि परक्या माणसांसाठी. ओळखीचा माणूस मागच्या दाराने, न ठोठावता, हाक देत आत येतो.

"अगं ए, मी आलेय! लव्हॉन! पाय झटकते आणि येते!"

मी ऐकलं. आर्डिसने नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तिला फक्त जमीन हलल्याचं जाणवलं आणि गालाला गार वारा लागला. घरात कुणीतरी आहे. ती ताडकन उठून बसली, खण ओढला, मला बाहेर काढलं. दोन खोक्यांवर तिचा हात क्षणभर थांबला. मग मर्लचे शब्द आठवले असावेत, कारण तिने लाल उचलला.

पहिलं काडतूस आत गेलं आणि अडकलं. तिने अंगठ्याने दाबलं. जाईना. दुसरं घातलं, तेही तसंच. काजळीच्या कड्याला टेकून दोन्ही बाहेर डोकावत राहिली. माझं चाक मिटेना. बाकीची काडतुसं जमिनीवर घरंगळली. बाहेर पावलं जवळ आली. तिने अडकलेली दोन्ही नखांनी उपटून काढली आणि निळ्या खोक्याचं झाकण उघडलं.

दार ढकललं गेलं. भुवयांवर बर्फ, हातात वाफाळणारं भांडं, अशी लव्हॉन उभी होती.

तिने मला पाहिलं. जमिनीवरची काडतुसं पाहिली. आर्डिसचा चेहरा पाहिला.

"अगं बये," लव्हॉन म्हणाली, "माझं भांडं द्यायचं नसेल तर नको देऊस. त्यासाठी जीव घेतेस का?"

मग भांड्यासकट ती पलंगावर बसली.

"धुऊन ठेवलंय तुझं भांडं," आर्डिस म्हणाली. तेवढंच तिला सुचलं.

"माहीत आहे. तेच न्यायला आले. म्हणजे, ते निमित्त." लव्हॉनने मला तिच्या हातातून हळूच काढून घेतलं. "हिवाळाभर निमित्त शोधत बसले बघ मी. मूर्ख बाई."

"लव्हॉन, मी तुला ओळखलं नसतं. आधी झाडलं असतं, मग ओळखलं असतं."

आता नीट ऐका. आर्डिसने निळा खोका आधी उचलला असता, तर आखूड काडतुसं अलगद बसली असती. चाक मिटलं असतं. त्या अंतरावरून नेम चुकला नसता. हलकी भर, हा सल्ला लव्हॉनचाच, आणि ती त्याच सल्ल्याने मेली असती. ही की ती, म्हणून मोठी माणसं कॉफी गार होईपर्यंत भांडली. दोन्ही खोक्यांत उत्तर नव्हतंच. उत्तर भांडं घेऊन बर्फातून चालत आलं होतं.

संध्याकाळी मर्ल आला. त्याने मला उजेडात धरलं, आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या घरांत पाहिलं. सहाही घरांत काळी कडी.

"वहिनी, कानाचं..." म्हणाला, आणि ब्रश मागितला.

माझी कडी घासून काढली. मला रिकामा करून तळघरात लोखंडी पेटीत ठेवलं, कुलूप घातलं. मागच्या दाराला गाईच्या गळ्यातली मोठी घंटा टांगली; तिचा आवाज शिट्टीच्या वरून ऐकू जातो. आणि आर्डिस एकेक भांडं परत करायला निघाली. प्रत्येक घरी कॉफी झाली. काही ठिकाणी रडणंही झालं.

मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी म्हणते, माझी काळजी घ्या. मी म्हणणार नाही. मला साफ करा, कुलपात ठेवा आणि विसरा. माझ्या घाणीने एक जीव वाचला, पण दर वेळी घाण मदतीला येणार नाही. काळजी घ्यायचीच असेल, तर तुमचं भांडं ज्या घरी राहून गेलं आहे, त्या घरी जा. सभ्यपणा करत बसू नका. मोठ्याने हाक मारा आणि ऐकू जाईपर्यंत मारत राहा.

इथे खाली अंधार आहे. एकटं वाटतं, नाही कसं? पण दुपारी वर घंटा वाजते, दोन खुर्च्या सरकतात, आणि कुणीतरी म्हणतं, "केक घे ना अजून." आम्हा दोघांपैकी एकाला एकटं राहायचंच असेल, तर तो मी असलेला बरा.