कचरागाडीचा थांबा

“पिशवी खाली टेकवू नकोस, पोरी. गाडी येईपर्यंत हातातच धरायची.”

ताइनान शहरातल्या त्या गल्लीत क्वान-लिंग कॉलेजसाठी राहायला आली, त्या पहिल्याच संध्याकाळी छाई आमांनी तिला हे सांगितलं होतं. ती कोपऱ्यावर कचऱ्याची पिशवी ठेवून निघाली होती. आमांनी मनगट धरून थांबवलं, ओलं-सुकं वेगळं करायला लावलं आणि कचरागाडी वाजवत येते ती धून ऐकू येईपर्यंत चांगला पेरू कसा ओळखावा ते सांगत उभ्या राहिल्या. अख्खी गल्ली त्यांना आमाच म्हणायची, आजी म्हणावं तसं. पुढे दीड वर्ष रोज संध्याकाळी पावणेसातला गल्लीच्या तोंडाशी पाच-सात म्हाताऱ्या आणि तितकीच मुलं पिशव्या धरून उभी असायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा दुखावला, सगळं तिथेच कळायचं.

तो थांबा तिनेच हलवला.

विद्यार्थ्यांनी वस्तीच्या कामात लक्ष घालावं म्हणून तिने आणि वर्गातल्या तिंग-याओने फोनवर मतदान सुरू केलं होतं. पहिलाच प्रश्न होता, थांबा मोठ्या रस्त्यापलीकडे वसतिगृहाच्या फाटकाशी न्यावा का. चारशे अठरा जण हो म्हणाले, नऊ नाही. वस्तीप्रमुख ल्याओकाकांनी कौतुकाने कागद वर नगरपालिकेत पाठवला आणि महिन्याभरात गाडी फाटकाशी थांबू लागली. तिथे मुलं पिशवी टाकायची आणि फोन बघत परत फिरायची. आमा दिसेनात. लेकीकडे गेल्या असतील, असं क्वान-लिंगला वाटलं. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

दर पौर्णिमेला आमा देवळातल्या नैवेद्याची संत्री तिच्यासाठी राखून थांब्यावर आणायच्या. या पौर्णिमेला ती नव्या थांब्यावर बराच वेळ रेंगाळली. दुसऱ्या दिवशी मात्र सहा वाजताच त्यांच्या दारात गेली.

“ये. संत्री ठेवलीत,” आमा म्हणाल्या. “मीच आणणार होते, पण तो रस्ता नाही गं जमत. अर्ध्यात जाते तोवर सिग्नल बदलतो. बस, सरबत करते. फ्रीजच्या वरच्या कप्प्यातला बर्फ काढ.”

तिने कप्पा उघडला. बर्फाला जागाच नव्हती. गाठी मारलेल्या पिशव्या खच्चून भरल्या होत्या. भाजीची देठं, माशांचे काटे, पपईच्या साली, सगळं दगडासारखं गोठलेलं.

“कचरा आहे तो. गोठवला की वास येत नाही,” आमा सहज म्हणाल्या. “तुम्हा मुलांना फोनवर विचारलं होतं म्हणे. तू दिलंस का मत?”

नाही म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही.

“मीच घेतलं होतं ते मतदान, आमा.”

आमा संत्रं सोलत राहिल्या. साल एका वाटीत, बिया दुसऱ्या.

“मग मला विचारायचंस की. मी काय लांब होते? रोज तुझ्याच शेजारी उभी असायचे.”

आवाजात राग नव्हता. असता तर क्वान-लिंगला मान वर करता आली असती. त्या नऊ नकारांवर तिंग-याओबरोबर आपण किती हसलो होतो, तेच तिला आठवत राहिलं.

“मी नेईन कचरा. रोज नेईन. आणि गल्लीतल्या घराघरात जाऊन विचारते, कागदावर लिहून ल्याओकाकांना देते.”

“रोज म्हणू नकोस. रोज फार मोठं असतं.” आमांनी तिच्या तळहातावर एक फोड ठेवली. “आधी आजचं ने.”

फोड गिळते न गिळते तोच फोन वाजला. तिंग-याओ होता.

“कुठायस, महाराणी? ल्याओकाका फोटोसाठी खोळंबलेत. आपल्या मतदानाचं कौतुक आहे आज.”

“मी येत नाही. कचरा न्यायचाय.”

“कचरा? नंतर टाक की.”

“नंतर गाडी नसते. आणि उद्या संध्याकाळ मोकळी ठेव, घरोघर फिरायचंय. ज्यांना विचारलं नाही, त्यांच्याकडे.”

तिने फोन खिशात टाकला, कप्पा रिकामा केला आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर पडली.

मोठ्या रस्त्याशी सिग्नल लाल होता. पलीकडून धून ऐकू यायला लागली होती. गोठलेल्या पिशव्यांच्या गारठ्याने बोटं बधिर झाली, तशी तिने त्या मनगटांवर चढवल्या. खाली टेकवल्या नाहीत.